व्हेंटिलेटर लागतो, तसा सुटतोही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर बोल. साखर, रक्तदाब, गुडघे, काहीही चालेल." आपल्या वयाला ते विषय शोभतातही. पण मी भूलतज्ज्ञ. गेली २५ वर्षं माझा बराचसा वेळ आयसीयूत जातो, आणि आपल्या ग्रुपमधून मला रात्री-अपरात्री जे फोन येतात, ते गुडघ्यांबद्दल नसतात. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आपल्यातल्याच एकाचा फोन आला. "अगं, आईला व्हेंटिलेटर लावायचा म्हणतायत. सही मागतायत. इथे जमलेले सगळे सांगतात की एकदा लावला की निघत नाही. करू का सही?"

आईंना न्यूमोनिया झाला होता. त्याआधी त्या चालत्या-फिरत्या, स्वतःचं सगळं स्वतः करणाऱ्या. मी म्हटलं, "कर सही, आणि आत्ता कर." सातव्या दिवशी त्यांची नळी निघाली. पण नातेवाइकांशी वाद घालण्यात त्याचा पाऊण तास गेला होता, आणि त्या पाऊण तासात आई श्वासासाठी झगडत होत्या. म्हणून मी आज ठरवलं की बोलायचं तर याच विषयावर. व्हेंटिलेटर लावतात कशाला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सोडवतात कसा.

आपल्या प्रयोगशाळेतली ती काचेची हंडी आठवते का? आत दोन फुगे आणि तळाला ताणून बांधलेलं रबर. बाई रबर खाली ओढायच्या आणि आतले फुगे आपोआप फुगायचे. ते रबर म्हणजे आपलं श्वासपटल. ते खाली जातं, छातीतली पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. आपला श्वास हा असा ओढून घेतलेला श्वास आहे. व्हेंटिलेटर नेमकं उलटं करतो. तो नळीवाटे हवा आत ढकलतो. एवढंच त्याचं काम. तो न्यूमोनिया बरा करत नाही, विष उतरवत नाही, हृदय दुरुस्त करत नाही. औषधांचं काम होईपर्यंत तो माणसाला तगवून धरतो. मूळ आजार बरा होणारा असेल, तर व्हेंटिलेटर म्हणजे वेळ मिळवणं. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी माझ्या आजच्या बोलण्याचं अर्धं काम झालं.

ही हवा ढकलण्याची पद्धत रुळली ती १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात. तिथे पोलिओची मोठी साथ आली होती. ज्यांच्या श्वासाचे स्नायू लुळे पडले होते, अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. रुग्णालयात लोखंडी फुप्फुस म्हणतात तसलं मोठं यंत्र एकच होतं. तेव्हा ब्यर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं की शस्त्रक्रियेच्या वेळी आपण रबरी फुगा दाबून श्वास देतो, तसाच यांनाही देऊ. २७ ऑगस्ट १९५२ रोजी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि फुगा दाबायला सुरुवात झाली. ती जगली. मग सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, रात्रंदिवस हातांनी फुगे दाबले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथे झाली असं मानतात.

ही गोष्ट मला परकी वाटत नाही, कारण तो फुगा मीही दाबला आहे. इंटर्नशिपमध्ये मी एका ग्रामीण रुग्णालयात होते. तिथे व्हेंटिलेटर नव्हता. पावसाळ्यात पहाटे एका १४ वर्षांच्या मुलाला आणलं. जमिनीवर झोपला होता, रात्री पोटात दुखायला लागलं, पहाटे डोळ्यांच्या पापण्या मिटल्या आणि बोलणं बंद झालं. मण्यार. तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही, पण ती स्नायू लुळे पाडते. सर्पविषावरचं औषध दिलं, घशात नळी घातली आणि शहराच्या रुग्णालयात जागा मिळेपर्यंत मी, सिस्टर, वॉर्डबॉय आणि त्या मुलाचा मामा, चौघांनी आळीपाळीने अंबू बॅग दाबली. मुलगा निपचित होता. मामा मध्येच म्हणाला, "डॉक्टर, गेलाय हो पोरगा, कशाला त्रास देताय?" आम्ही थांबलो नाही. पाच दिवसांनी शहरात त्याला भेटायला गेले, तेव्हा तो उठून बसला होता. म्हणाला, "मॅडम, मामा काय म्हणाला ते मला ऐकू आलं होतं."

तेव्हापासून नळी घातलेल्या कुठल्याही रुग्णाच्या उशाशी मी जपून बोलते. तुम्हीही बोला.

आता सोडवण्याबद्दल. इंग्रजीत या कामाला 'वीनिंग' म्हणतात. मूळ शब्द तान्ह्या बाळाचा. आपल्याकडे म्हणतात ना, अंगावरचं दूध तोडणं? तेच. घरातल्या बायकांना माहीत आहे, ते लवकर तोडलं तर बाळ हाल काढतं आणि फार लांबवलं तरी चांगलं नाही. इथेही तसंच आहे.

लांबवलं तर काय होतं? पहिलं म्हणजे श्वासपटल दुबळं होतं. प्लास्टरमधून काढलेला हात कसा वाळलेला दिसतो, तसं. २००८ साली अमेरिकेत मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाची तपासणी झाली. केवळ १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेल्या त्या शरीरांत श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झाले होते. म्हणजे यंत्राने सगळं काम केलं तर दोन-तीन दिवसही पुरतात. दुसरं, नळीच्या कडेने जंतू खाली उतरतात आणि नवा न्यूमोनिया होतो. तिसरं, नळी सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधं द्यावी लागतात आणि त्यांनी वयस्कर माणसं भ्रमिष्टासारखी होतात. आणि खर्चाचं तुम्हाला मी सांगायला नको. आयसीयूचा एकेक दिवस जमीन गहाण ठेवायला लावतो, हे आपण आपल्याच गावात पाहिलं आहे.

घाई केली तर काय होतं? नळी काढल्यावर दहातल्या एखाद-दुसऱ्या रुग्णाला ती परत घालावी लागते. नीट काळजी घेऊनही. आणि ज्यांना परत घालावी लागते, त्यांचा धोका बराच वाढतो. म्हणजे दोन्हीकडे विहीर आणि मधून पायवाट.

आम्ही शिकत होतो तेव्हा ही पायवाट अशी सांगितली जायची की यंत्राची मदत हळूहळू कमी करत आणा. आज दोन श्वास कमी, उद्या दोन कमी. पण १९९५ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बरे होत आलेल्या ५४६ रुग्णांना त्यांनी सरळ दोन तास स्वतःच्या श्वासावर सोडून पाहिलं. ४१६ जण पहिल्याच दिवशी ही चाचणी पार पडले! त्यांना हळूहळू काही करण्याची गरजच नव्हती. उरलेल्या १३० जणांमध्येही, ज्यांना दिवसातून एकदा अशी संधी दिली, ते दोन-दोन श्वास कमी करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा सुमारे तिप्पट वेगाने सुटले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की रोज सकाळी ठरलेली तपासणी करून, योग्य त्या रुग्णांची चाचणी घेतली, तर व्हेंटिलेटरचे दिवस सहावरून साडेचारवर येतात. आणि २००० साली असं दिसलं की गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून रुग्णाला जागं केलं, तर तो सव्वासातऐवजी पाच दिवसांतच सुटतो.

यातून जे शहाणपण आलं ते साधं आहे. रुग्ण केव्हा सुटेल हे डॉक्टरच्या अंदाजावर ठेवू नका. रोज विचारा. आम्ही डॉक्टर फार सावध असतो. 'आज नको, उद्या बघू' हे आमचंही आवडतं वाक्य आहे.

रोजची तपासणी म्हणजे काय पाहतो? ज्या आजारासाठी नळी घातली तो उतरणीला लागला का? ऑक्सिजन ४०-५० टक्क्यांवर भागतंय का? रक्तदाब औषधांच्या मोठ्या आधाराशिवाय टिकतोय का? हाक मारली की डोळे उघडतो का, खोकला जोरदार आहे का? कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी असेल तर आम्ही आणखी एक पाहतो, उशीवरून मान उचलून धरता येते का. कारण त्या विषात दोन-तीन दिवसांनी, माणूस शुद्धीवर आलेला असतानाच, मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात.

हे सगळं जमलं की चाचणी. डोक्याकडची बाजू उंच करायची, रुग्णाला समजावून सांगायचं आणि यंत्राची मदत अगदी कमी करून, किंवा नळीला नुसता ऑक्सिजन जोडून, अर्धा ते दोन तास त्याचा त्याला श्वास घेऊ द्यायचा. आपण शेजारी उभं राहायचं. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेला, घाम फुटला, ऑक्सिजन उतरला, तगमग सुरू झाली की चाचणी थांबवायची, परत मदत द्यायची आणि कारण शोधायचं. एक छोटं गणितही असतं. मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये. मिनिटाला २४ श्वास आणि प्रत्येक श्वास ४०० मिलीलिटर, तर उत्तर ६०. श्वास ४० आणि प्रत्येकी २०० मिली, तर उत्तर २००. १०५ च्या खाली असेल तर आशा चांगली.

गणिताचा विषय निघाला, म्हणून आता आपल्या सरांची गोष्ट. सर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांची परवानगी मी घेतली आहे. सर म्हणाले, "उदाहरण सोडवून दाखव, चुकलेल्या पायरीसकट."

पाच वर्षांपूर्वी सर आमच्याकडे न्यूमोनियाने दाखल झाले. हृदयविकाराचा झटका आधी येऊन गेलेला, त्यामुळे हृदयाची ताकद कमी. नळी घालावी लागली. पाचव्या दिवशी ताप उतरला, ऑक्सिजनची गरज कमी झाली. चाचणी घेतली, गणिताचं उत्तर ६० आलं. रात्रपाळी संपवून निघालेल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चार दिवसांत आत गेलेलं पाणी बाहेर आलेल्यापेक्षा तीन लिटर जास्त आहे. उद्या काढूया का?" मी म्हटलं, "सगळे आकडे चांगले आहेत, सिस्टर." खरं सांगते, ते दुसरे कुणी असते तर मी कदाचित थांबले असते. मला सरांना लवकर बोलतं करायचं होतं.

सकाळी दहाला नळी काढली. सर काकूंशी दोन शब्द बोलले. रात्री दोनला त्यांना दम लागला, तोंडाला गुलाबी फेस आला. फुप्फुसात पाणी भरलं होतं. नळी परत घातली.

चूक कुठे झाली? व्हेंटिलेटर हवा ढकलतो तेव्हा छातीतला दाब वाढतो, आणि तो दाब नकळत दुबळ्या हृदयालाही हात देत असतो. नळी काढली की छाती पुन्हा ओढून श्वास घेऊ लागते, हृदयाकडे जास्त रक्त येतं आणि हृदयाला एकदम जास्त काम पडतं. त्यात तीन लिटर जादा पाणी. मी चाचणी घेतली ती यंत्राची थोडी मदत चालू ठेवून. तेवढ्या मदतीत फुप्फुसांची परीक्षा झाली, हृदयाची झालीच नाही. सोपा पेपर काढला आणि मार्क पाहून खूश झाले.

मी काकूंना आणि सरांच्या मुलाला जे घडलं ते आहे तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर जागे झाले. नातीची पाटी उशाशी ठेवली होती. तिच्यावर त्यांनी थरथरत्या अक्षरात लिहिलं, 'नापास?' मी म्हटलं, "नाही सर. पेपर काढणारी चुकली."

पुढचे तीन दिवस औषधांनी पाणी काढलं. फिजिओथेरपिस्टने त्यांना नळीसकट पलंगाच्या कडेला बसवलं. मग यंत्र पूर्ण बाजूला ठेवून, नळीला नुसता ऑक्सिजन जोडून चाचणी घेतली, आणि नळी काढल्याबरोबर लगेच मास्कचा आधार दिला. या वेळी सिस्टरना मी आधी विचारलं. त्यांनी मान हलवल्यावरच नळीला हात लावला. आमच्या विभागात तेव्हापासून नियम आहे की सकाळच्या तपासणीत सिस्टरचं मत कागदावर लिहिलं जातं आणि त्या 'थांबा' म्हणाल्या तर कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं, यंत्रं ट्रकने आणता येतात. ती लावणारी आणि सोडवणारी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात.

आता शेवटचं, आणि हे बोलायला मला जड जातं. व्हेंटिलेटर सुटतो असं मी म्हटलं, पण प्रत्येकाचा नाही.

शाळेसमोरचं आमचं दुकान तुम्हाला आठवत असेल. लिमलेटच्या गोळ्या उधारीवर देणारे माझे वडील, आपले सगळ्यांचे अण्णा. शेवटच्या काही वर्षांत त्यांची फुप्फुसं कडक होत गेली होती. हा आजार मागे फिरत नाही. दीड वर्षापूर्वी त्यात संसर्ग झाला. संसर्गावर उपाय होता, म्हणून नळी घालायला मी हो म्हटलं. संसर्ग गेला, पण फुप्फुसं तीच राहिली. चार चाचण्या झाल्या. दर वेळी दहा मिनिटांत श्वास चाळिशीवर. गळ्याला छेद देऊन कायमची नळी बसवता आली असती. ज्यांचा मूळ आजार सुधारणार असतो आणि फक्त वेळ लागणार असतो, त्यांना मी तो सल्ला देते, आणि त्यातले पुष्कळ जण घरी जातात. अण्णांचा आजार तसा नव्हता. त्यांनी मला आधी सांगितलं होतं, "यंत्रावर पडून राहायचं नाही मला."

इथे एक फरक नीट समजून घ्या. रुग्ण सुधारला म्हणून व्हेंटिलेटर सोडवणं वेगळं, आणि सुधारणार नाही म्हणून तो थांबवणं वेगळं. दुसरी गोष्ट आपल्याकडे चोरून करायची गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात तिला मान्यता दिली, आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुटसुटीत केली. डॉक्टरांची दोन मंडळं रुग्णाला तपासतात, घरच्यांची संमती घेतात. आम्ही ते सगळं केलं. त्या दिवशी मी डॉक्टर नव्हते, मुलगी म्हणून बसले होते. धाप लागू नये म्हणून औषध दिलं, नळी काढली, भावाने आणि मी त्यांचे हात धरले. पाच तासांनी ते गेले. चेहऱ्यावर पट्ट्या नव्हत्या, नळी नव्हती. आईला त्यांचा चेहरा नीट बघता आला.

मी योग्य केलं का, हे मी अजूनही कधीकधी स्वतःला विचारते. पण अण्णांनी त्यांची इच्छा सांगितली नसती, तर मला ते विचारण्याचंही धैर्य झालं नसतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या घरातलं कुणी आयसीयूत असेल, तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. मूळ आजार बरा होण्यासारखा आहे का? आज गुंगी कमी करून जागं केलं का? आज श्वासाची चाचणी झाली का, आणि जमली नसेल तर कशामुळे? पलंगावर बसवलं का? हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात, आणि घाईत असलेल्याला ते आठवण करून देतात. भेटायला मिळेल तेव्हा रुग्णाचं नाव घेऊन बोला, आज वार कोणता ते सांगा, चष्मा आणि कानाचं यंत्र घेऊन जा, एक पाटी-पेन्सिल ठेवा. आणि आज घरी गेल्यावर, सगळे धडधाकट असतानाच, आईवडिलांना आणि जोडीदाराला विचारा की अशी वेळ आली तर त्यांना काय हवं आहे.

मध्यंतरात सर मला म्हणाले, "आता तरी आधी ताळा करतेस ना?" करते सर. रोज सकाळी, प्रत्येक पलंगाशी.